साबुदाणा हरवला आहे: एका किराणा दुकानाच्या फेरमांडणीचं प्रकरण

डोंबिवली पूर्वेतल्या एका जुन्या किराणा दुकानाने ज्येष्ठ संपता संपता सगळी मांडणी बदलली, आणि आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी निम्म्या गिऱ्हाइकांना साबुदाणाच सापडेना. दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. त्यानंतर गणपतीपर्यंत तिथे जे घडत गेलं ते मी जवळून पाहिलं. शेठ, त्यांच्याकडची मुलं आणि नेहमीची गिऱ्हाइकं यांच्याशी बोलून ते लिहून काढलं. आमच्या गल्लीने हा गोंधळ बराचसा हसून निभावला. ते हसणं कुठे कामी आलं, कुठे टोचलं आणि कुठे ते अजिबात चाललं नाही, यासाठी हे प्रकरण मांडतो आहे.

दुकान आधी कसं होतं

शेठच्या वडिलांच्या वेळी गिऱ्हाईक बाहेर उभं राहायचं आणि यादी आत जायची. पोत्यांतून माप भरलं जायचं, पुड्या बांधल्या जायच्या. कुठली वस्तू कुठे आहे हे लक्षात ठेवणं दुकानदाराचं काम होतं. पुढे मधली फळी निघाली, रॅक आले, गिऱ्हाइकाच्या हातात टोपली आली, आणि लक्षात ठेवण्याचं काम गिऱ्हाइकाकडे आलं.

ही पद्धत पहिल्यांदा ठळकपणे दिसली ती १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात. क्लॅरेन्स साँडर्सने ‘पिगली विगली’ नावाचं दुकान काढलं. फिरत्या फाटकातून गिऱ्हाईक आत यायचं आणि ठरावीक वाटेने सगळ्या फळ्यांसमोरून फिरत पैसे भरायच्या जागी पोचायचं. पुढच्याच वर्षी साँडर्सला या रचनेचं पेटंट मिळालं. नोकरांवरचा खर्च वाचला आणि घरून न ठरवलेल्या वस्तूही लोक उचलू लागले. आजच्या प्रत्येक मोठ्या दुकानाचा आराखडा या दोन फायद्यांवर उभा आहे.

आमच्या दुकानात मात्र रॅक आले तरी जुना क्रम टिकला होता. शेठच्या आईने तो लावून दिला होता आणि तो स्वयंपाकघराचा क्रम होता. दारातून आत गेलं की डावीकडे तांदूळ, मग डाळी, मग कडधान्यं, त्यापुढे पोहे, रवा, शेवया. समोरच्या भिंतीला मसाले आणि तेल. कोपऱ्यात एक अरुंद रॅक फक्त उपवासाचा: साबुदाणा, वरीचे तांदूळ, राजगिऱ्याचं पीठ, शिंगाड्याचं पीठ, शेंगदाणे, सैंधव मीठ, राजगिऱ्याचे लाडू आणि वेफर्सची पाकिटं. एकादशी असो, चतुर्थी असो, माणूस त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला की काम झालं.

काय बदललं, आणि का

शेठची कारणं मला पटण्यासारखी वाटली. दहा मिनिटांत सामान घरी आणून देणाऱ्या अॅपमुळे त्यांचं संध्याकाळचं गिऱ्हाईक कमी झालं होतं. बारकोडवर चालणारं नवं बिलिंग घेतलं तेव्हा त्यात प्रत्येक वस्तूचा प्रकार भरावा लागला, आणि मालही त्याच प्रकारांनुसार लावला तर साठा मोजणं सोपं जाईल असं विकणाऱ्याने सुचवलं. एका कंपनीच्या वितरकाने दोन चकचकीत रॅक फुकट दिले आणि बदल्यात डोळ्यांच्या उंचीची फळी मागितली. त्या उंचीवरचा माल जास्त उचलला जातो हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

प्रकारांनुसार लावायला घेतल्यावर पहिला बळी गेला तो उपवासाच्या रॅकचा. साबुदाणा धान्यांत गेला. शेंगदाणे काजू-बदामांच्या पंगतीत बसले. सैंधव मिठांमध्ये, राजगिऱ्याचे लाडू बिस्किटांमध्ये. वरी गेली ‘मिलेट्स’ अशी पाटी लावलेल्या नव्या रॅकवर, नाचणी-ज्वारीच्या पिठांशेजारी. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचं म्हणून साजरं केल्यापासून असे रॅक बऱ्याच दुकानांत दिसतात. धान्य-शास्त्राच्या दृष्टीने वरीची ही जागा बरोबरच आहे. पण वरण-भाताच्या घरात वरी आठवते ती साबुदाण्याच्या जोडीनेच, आणि ‘मिलेट्स’च्या पाटीखाली तिला शोधायला कुणीही गेलं नाही.

सुट्टी डाळ मागच्या बाजूला गेली. हा बदल लोकांना सर्वांत झोंबला आणि त्याला कारण होतं. जुलै २०२२ मध्ये पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या डाळ-तांदळावर ५ टक्के जीएसटी लागू झाला, सुट्ट्या मालावर तो नव्हता. तेव्हापासून आमच्याकडची बरीच घरं मुद्दाम सुट्टी डाळ घेतात. ती मागे आणि पाकिटं पुढे, याचा लोकांनी जो अर्थ लावला तो शेठच्या मनात नव्हता, पण तो लावला जाणारच होता.

एकादशीची आदली संध्याकाळ

दुकानात पाऊल ठेवायला जागा नव्हती. माणसं सवयीने कोपऱ्यात जात होती, तिथे भांडी घासायच्या साबणाचा रॅक पाहून थबकत होती, मागे वळताना दुसऱ्याच्या टोपलीला धडकत होती. एक आजी त्या साबणांसमोर चांगला वेळ उभ्या होत्या. साबुदाणा इथेच कुठेतरी मागे सरकवला असेल अशा समजुतीने त्या पाकिटं बाजूला करून पाहत होत्या.

असं का होतं याचा एक धागा मेंदूच्या अभ्यासात आहे. जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर एका विशिष्ट जागी आला की चेततात. मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी पुढे जागेचं मोजमाप करणाऱ्या आणखी पेशी शोधल्या, आणि २०१४ चं नोबेल या तिघांना मिळालं. परिसर पुरेसा बदलला की या पेशींची मांडणीही बदलते, म्हणजे जागेचा नकाशा नव्याने रचला जातो. दुकान तेच, दार तेच, गल्ल्यावरचा माणूस तोच, आणि आतलं सगळं वेगळं, अशा वेळी जुना नकाशा सहजासहजी हटत नाही. पाय आपोआप जुन्या जागी वळतात.

गर्दी चिडायच्या बेतात होती तेव्हा आमच्याच इमारतीतल्या एक काकू बोलल्या. फोर्टातल्या बँकेत नोकरी करून निवृत्त झालेल्या, आयुष्य लोकलमध्ये गेलेलं. त्यांनी नाकातून, थेट स्टेशनवरच्या बाईच्या आवाजात सुरुवात केली: “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक एकवर येणारा साबुदाणा आज फलाट क्रमांक चारवर येईल. शेंगदाणे ही जलद गाडी असून ती काजूच्या पुढे थांबणार नाही. प्रवाशांना होणाऱ्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत.”

अख्खं दुकान हसलं. त्यानंतर जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मागून एका काकांनी विचारलं, “वरीचे तांदूळ कुठल्या फलाटावर?” कुणीतरी ओरडून सांगितलं, “मिलेट्सच्या पाटीखाली, नाचणीशेजारी!” सैंधव सापडलेल्या बाईने सैंधवाची घोषणा केली. पाच-दहा मिनिटं दुकानात एकमेकांना पत्ते सांगणं चाललं होतं. घटकाभरापूर्वी हीच माणसं एकमेकांच्या टोपल्यांना वैतागत होती. मेगाब्लॉकच्या रविवारी फलाटावर अनोळखी माणसं एकमेकांना “पुढची किती वाजता?” म्हणून विचारतात, ती सवय इथल्या अंगात मुरलेली आहे. काकूंच्या विनोदाने तिला हाक दिली.

रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक सूचना फिरली: “हरवला आहे! नाव साबुदाणा. वर्ण गोरा, बांधा गोल, अंगाने कोरडा, भिजल्यावर फुगतो. शेवटचा दिसला तेव्हा वरीसोबत होता. शोधून देणाऱ्यास वाटीभर खिचडी.” त्याखाली एकाने साबुदाण्याच्या नव्या जागेचा फोटो टाकला, आणि मग फोटो येतच राहिले: गूळ, हिंग, पापड, खसखस. सकाळपर्यंत ग्रुपवर दुकानाचा जवळजवळ पूर्ण पत्ता गोळा झाला होता. “कृपया वस्तूंच्या जागा कळवा” असं आवाहन कुणी केलं असतं तर त्याला चार जणांनी अंगठा दाखवला असता आणि विषय संपला असता, असं मला खात्रीने वाटतं. गंमतीत भर घालायची म्हणून लोक दुकानात जाऊन फोटो काढून आणत होते.

पोरांना तर खेळच मिळाला. घरातली मोठी माणसं यादीतली अवघड वस्तू सांगायची, मुलं पळत जाऊन शोधून आणायची. नवा क्रम सर्वांत आधी मुलांनाच पाठ झाला, आणि काही आज्या नातवंडाला सोबत घेतल्याशिवाय दुकानात जाईनाशा झाल्या.

जिथे हसणं चाललं नाही

दुकानात काम करणारा मुलगा मुरबाडकडचा, नुकताच लागलेला. रॅक त्याने लावले नव्हते, पण समोर तोच दिसायचा. दिवसभर त्याला टोमणे: “तुला तरी माहितीये का रे, की तूही शोधतोयस?” “शेठने पगार कुठे ठेवलाय ते तरी सापडतं का?” बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्या मुलाने मात्र खाली मान घालून पाकिटं लावायला घेतली आणि तो गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर देईनासा झाला. त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, “एकदा बोललं तर काय नाही दादा, पण दर माणूस तेच बोलतो.”

मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार धाटण्या मांडल्या: माणसं जोडणारी, स्वतःला सावरणारी, दुसऱ्याला बोचणारी आणि स्वतःलाच कमी लेखणारी. पहिल्या दोन माणसाच्या बऱ्या मनःस्थितीशी जुळतात, उरलेल्या दोन तशा जुळत नाहीत. आमच्या दुकानात पहिली आणि तिसरी धाटणी एकाच वेळी, कधीकधी एकाच माणसाच्या तोंडून ऐकू येत होती. काकूंचा विनोद रॅकवर होता. मुलाला मारलेला टोमणा अशा माणसावर होता, ज्याला उलट बोलायची सोय नव्हती. शेवटी काकूंनीच एका गृहस्थांना थांबवलं: “अहो, तो मोटरमन आहे, टाइमटेबल त्याने नाही केलं.” मग टोमणे कमी झाले.

दुसरा प्रसंग पूजेच्या सामानाचा. नव्या प्रकारांत वाती, कापूर, उदबत्ती, हळदकुंकू हे सगळं ‘घरगुती वस्तूं’मध्ये गेलं होतं, आणि ‘घरगुती वस्तूं’मध्येच फिनेल आणि संडास साफ करायच्या बाटल्या होत्या. एका वहिनींनी वाती उचलल्या, शेजारी काय आहे ते पाहिलं, वाती परत ठेवल्या आणि गल्ल्यावर जाऊन शेठना चांगलं सुनावलं. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “वहिनी, हसून सोडा हो, सगळेच हसतायत.” त्या आणखी भडकल्या, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. ज्याला खरंच लागलं आहे त्याला हसायला सांगणं म्हणजे त्याची तक्रार दाबणं. शेठना ते समजलं. एक शब्द उलट न बोलता त्यांनी त्याच संध्याकाळी पूजेचं सामान उचलून गल्ल्याच्या उजव्या हाताला, देवाच्या तसबिरीखाली लावलं. वहिनी दुसऱ्या दिवशी येऊन वाती घेऊन गेल्या.

तिसरा प्रसंग पुढच्या चौकातल्या आजोबांचा. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. तरीही ते रोज सकाळी एकटे यायचे. दारापासून इतकी पावलं दूध, तिथून वळून चहा, खालच्या फळीवर मीठ, असं सगळं हाताने आणि पायाने ठरलेलं. नव्या मांडणीनंतर पहिल्यांदा आले तेव्हा हात फिनाइलच्या बाटलीवर पडला. मुलगा धावत आला. आजोबा थोडे थांबले आणि मोठ्याने म्हणाले, “इतके दिवस मला एकट्याला दिसत नव्हतं. आता दुकानात कुणालाच काही दिसत नाही म्हणतात. बरं झालं, सोबत मिळाली.”

लोक हसले, तेही हसले. पण ते तिथेच थांबले नाहीत. शेठना जवळ बोलावून म्हणाले, “बाकी काय हलवायचं ते हलव बाबा. दूध, चहा, साखर, मीठ एवढं हलवू नकोस. हलवलंस तर मला रोज कुणाला तरी सोबत आणावं लागेल, आणि माझ्या घरी सकाळी कुणी नसतं.” मोठ्या दुकानांत दूध मुद्दाम सर्वांत मागे ठेवतात, कारण ते रोज लागतं आणि तिथवर जाताना माणूस बाकीचं पाहत जातो. शेठनेही या वेळी तेच केलं होतं. त्यांनी फ्रिज परत दाराजवळ आणला आणि चहा-साखर-मीठ त्याला लागून लावलं. ती रांग आता हलणार नाही असा शब्द त्यांनी आजोबांना दिला आहे. या प्रकरणात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे. आजोबांच्या बोलण्याने लोकांचा अवघडलेपणा गेला आणि मागणी ऐकून घ्यायला वाट मोकळी झाली. नुसतं हसून ते निघून गेले असते तर दूध आजही मागेच असतं.

मग काय झालं

आषाढातच शेठच्या मुलीने, ती वास्तुकलेचं शिकते, लोकलच्या डब्यात दाराच्या वर असतो तसा एक नकाशा काढला. रॅकना फलाटांचे आकडे दिले, वस्तूंना स्थानकांसारखे ठिपके, आणि जिथे एकच वस्तू दोन ठिकाणी मिळते तिथे जंक्शन. नकाशा दारात लागला. आधी लोक त्याच्याकडे गंमत म्हणून पाहायचे, आता तो वाचून आत जातात. “हिंग कुठे?” “दोनवर, शेवटच्या डब्यात” अशी भाषा रुळली आहे. ‘मिलेट्स’च्या पाटीखाली शेठने मराठीत दुसरी पाटी लावली: वरी, नाचणी, ज्वारी, बाजरी.

गल्लीतल्या दोघी-तिघी वर्षानुवर्षं मुंबई ग्राहक पंचायतीच्या सभासद आहेत. १९७५ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत दुकानच नसतं. सभासद महिन्याची मागणी यादीवर नोंदवतात, सामान एकत्र येतं आणि गटात वाटलं जातं. त्यांनी शेठना सुचवलं की नकाशाबरोबर एक छापील यादी ठेवा, स्वयंपाकघराच्या क्रमाने, आणि प्रत्येक वस्तूपुढे फलाटाचा आकडा. ती यादी गल्ल्यावर ठेवलेली असते. म्हातारी माणसं ती घरी नेतात, खुणा करून पाठवतात आणि मुरबाडचा मुलगा सामान काढून ठेवतो. म्हणजे लक्षात ठेवण्याचं काम काही घरांपुरतं तरी दुकानाकडे परत गेलं.

उपवासाचा रॅक श्रावणाच्या आधी परत आला. शेठ आता त्याला सणाचा रॅक म्हणतात. गणपतीच्या आधी त्यावर तांदळाची पिठी, गूळ, खसखस, वेलची, जायफळ आणि सुकं खोबरं होतं. शेंगदाणे काजूंशेजारी ठेवल्याने काजू जास्त जातात असं त्यांच्या लक्षात आलं आहे, म्हणून शेंगदाणे दोन्हीकडे आहेत. नकाशावर ते जंक्शन आहे.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. दोन घरांनी त्या आठवड्यात अॅपवरून सामान मागवायला सुरुवात केली आणि ती परत आलेली नाहीत. सुट्टी डाळ अजून मागेच आहे. शेठचं म्हणणं, पोती पुढे आणली तर वाट अडते. मी त्यांना एवढंच म्हटलं की मग तिथे दिवा तरी लावा, डाळीतला खडा दिसायला हवा. तो लागला. मांडणी सणाच्या तोंडावर बदलायला नको होती, आणि आठवडाभर आधी दारावर कागद लावायला हवा होता, हेही मी त्यांना सांगितलं. पुढच्या वेळी तसं करायचं त्यांनी कबूल केलं आहे.

एका गोष्टीवर आमचं जमत नाही. कंपनीने दिलेल्या रॅकची खालची फळी चार-पाच वर्षांच्या मुलाच्या हाताला लागेल अशा उंचीवर आहे आणि तिच्यावर साखरेने माखलेली रंगीत पाकिटं आहेत. साबुदाणा शोधायला पळत गेलेली मुलं तिथेच अडकतात, आणि मग गल्ल्यावर आई आणि मूल यांची ओढाताण होते. त्या फळीवर चिक्की, चुरमुरे, फुटाणे ठेवा असं मी आणि आणखी काही पालक म्हणतो आहोत. शेठ म्हणतात, कंपनीशी बोलणं दिवाळीपर्यंतचं झालंय, त्यानंतर बघू.